टेलला कोण बसणार?

'गेम आवडला का?' असं विचारलं की मित्र म्हणतात, 'मस्त आहे रे!' हे मला पहिल्या तीन-चार प्लेटेस्टमध्येच कळलं. मग मी विचारणं बंद केलं आणि वेगळीच गोष्ट मोजायला लागलो. खेळता खेळता कोण, कितव्या फेरीत मोबाइल हातात घेतं? तोंडाने माणूस कौतुक करतो, पण कंटाळा आला की हात मोबाइलकडे जातोच. आठ-दहा डावांनंतर माझ्या वहीत एक पॅटर्न दिसायला लागला. मोबाइल जवळजवळ दर वेळी एकाच खुर्चीतला माणूस उचलत होता. टेलच्या खुर्चीतला.

गेमचं नाव 'पाटपाणी'. चार खेळाडू आणि एक कालवा. कालव्यावर ओळीने चार शेतं : पहिलं हेडचं, मधली दोन आणि शेवटचं टेलचं. दर फेरीला, म्हणजे दर आवर्तनाला, एक पत्ता उलटायचा. धरणातून किती पाणी सुटलं ते त्यावर लिहिलेलं असतं. कधी वीस निळे ठोकळे, कधी अकराच. हेडवाला त्याला हवे तेवढे ठोकळे उचलतो, उरलेले पुढे सरकतात. ज्याने ऊस लावला त्याला पाणीही जास्त लागतं आणि पैसेही जास्त मिळतात. गहू, कांदा, हरभरा त्याखाली. आठ आवर्तनं झाली की ज्याच्याकडे जास्त पैसे, तो जिंकला.

ही कल्पना मला पुण्यातल्या फ्लॅटमध्ये बसून सुचली असली तरी ती तिथली नाही. माझ्या मामांची जमीन नगर जिल्ह्यात एका कालव्याच्या टेलला आहे. ज्यांचं गाव कालव्यावर नाही त्यांच्यासाठी सांगतो. धरणाच्या बाजूचं ते हेड आणि पाणी जिथे संपतं ते टेल. हे इंग्रजी शब्द तिकडे पूर्ण मराठी होऊन गेलेत. शाळेत न गेलेली म्हातारी माणसंही 'आमचं रान टेलला' असंच म्हणतात. पाणी हवं असेल तर सात नंबरचा अर्ज भरायचा, मग चारीवर पाळी लागते. या पद्धतीला शेजपाळी म्हणतात आणि तिच्यात क्रम असा आहे की आधी टेलच्या शेताला पाणी द्यायचं आणि मग वर वर येत शेवटी हेडला. म्हणजे ज्यांनी हा नियम केला त्यांना अडचण नेमकी कळली होती. टेलवाल्याला शेवटी ठेवलं, तर त्याच्यापर्यंत काहीच उरणार नाही.

पण पाणी नियम वाचून वाहत नाही. ते आधी हेडच्या शेतावरूनच जातं, आणि रात्री कुणीतरी दार थोडंसं उचललं की सकाळी टेलला चारीच्या तळाशी नुसता ओलावा असतो. हे बदलता येत नाही असंही नाही. नाशिक जिल्ह्यातल्या वाघाड धरणावर शेतकऱ्यांनी पाणीवापर संस्था करून सगळा कारभार स्वतः हातात घेऊन दाखवला. पाणी मोजून संस्थांच्या ताब्यात द्यायचं, असा कायदाही राज्यात २००५ साली झाला. मामांच्या चारीवर मात्र अजून जुनंच चाललंय.

तर पुन्हा गेमकडे. मी इंजिनिअर आहे, त्यामुळे दर डावाची नोंद एक्सेलमध्ये. अडतीस डावांत टेलवाला तीनदा जिंकला. चार खुर्च्या समान असत्या तर तो नऊ-दहा वेळा जिंकायला हवा होता. माणसं कमी पडली म्हणून मी पायथनमध्ये एक स्क्रिप्ट लिहिली आणि रात्रभरात दहा हजार डाव खेळवले. टेल जिंकण्याचं प्रमाण सहा टक्के. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने फीडबॅक फॉर्मवर स्वच्छ लिहिलं, 'टेलची सीट हा बग आहे. फिक्स कर.'

मी फिक्स केला. टेलवाल्याला एक बोअर दिली. कालव्यातून काही येवो न येवो, दर दुसऱ्या आवर्तनाला त्याला बोअरचे तीन ठोकळे. पुन्हा स्क्रिप्ट चालवली. टेल चोवीस टक्के. पुढच्या शनिवारी चार जण अडीच तास खेळले आणि एकानेही मोबाइलला हात लावला नाही. त्या रात्री मला कामावर मोठा बग सोडवल्यावर येते तशी झोप आली.

दोन दिवसांनी मात्र काहीतरी खुपायला लागलं. टेलची अडचण मी सोडवली होती, पण फक्त पुठ्ठ्यावर.

प्रश्न साधा दिसतो. टेलची खुर्ची खरी ठेवायची की न्याय्य? खरी ठेवली, तर माझ्यासाठी शनिवारची दुपार काढून आलेला एक माणूस दोन तास दुसऱ्यांची मजा बघत बसणार. पाहुण्याला असं बसवणं मला पटत नाही. न्याय्य केली, तर चौघंही हसतखेळत घरी जाणार, पण जाताना नकळत एक समज घेऊन जाणार : टेलला असलं म्हणून काय झालं, डोकं चालवलं तर तिथूनही जिंकता येतं. हे वाक्य मी ओळखतो. खऱ्या टेलच्या माणसांना हे वाक्य आयुष्यभर ऐकायला लागतं, आणि ते बोलणारे बहुतेक वेळा हेडला बसलेले असतात.

त्या काळात मी एक छोटा प्रयोग करून बघितला. खुर्च्या आम्ही चिठ्ठ्या टाकून ठरवायचो. चिठ्ठी काढण्याआधी विचारलं, 'टेलला बोअर द्यावी का?' तर चौघंही म्हणायचे, 'हो, दे की, नाहीतर अन्याय आहे.' तोच प्रश्न चिठ्ठी उघडल्यावर विचारला की हेडवाला म्हणायचा, 'नको रे, आहे तेच रिअलिस्टिक वाटतंय.' जॉन रॉल्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७१ साली आपल्या पुस्तकात हेच मांडलं होतं. समाजाचे नियम असे ठरवावेत की ठरवताना आपण त्या समाजात कोणत्या जागी असणार, हे आपल्याला माहीत नाही. त्याला तो अज्ञानाचा पडदा म्हणतो. माझ्या टेबलावर तो पडदा म्हणजे चुरगळलेल्या चार चिठ्ठ्या होत्या. खऱ्या कालव्यावर नियम ठरवायला बसणाऱ्या प्रत्येकाची चिठ्ठी बापजाद्यांच्या काळातच उघडलेली असते.

गेम बनवणाऱ्यांपैकी या पेचात सापडलेला मी पहिला नव्हे. आपण लहानपणी सुट्टीत 'व्यापार' खेळायचो. तो ज्या मोनोपॉलीवरून आला तिचं मूळ एलिझाबेथ मॅगी या बाईंच्या 'लँडलॉर्ड्स गेम'मध्ये आहे. १९०४ साली त्यांनी त्याचं पेटंट घेतलं. जमिनीची मालकी मोजक्या हातांत गेली की बाकीच्यांचं काय होतं, हे लोकांना कळावं म्हणून तो गेम होता. त्यांनी दोन प्रकारचे नियम मांडले होते. एकात इतरांना देशोधडीला लावून जिंकायचं आणि दुसऱ्यात संपत्ती वाढली की ती सगळ्यांना मिळायची. दोन्ही खेळून बघा आणि फरक समजून घ्या, अशी अपेक्षा. बाजारात टिकला तो पहिला प्रकार. १९३५ साली कंपनीने बाईंचं पेटंट पाचशे डॉलर्सना घेतलं, रॉयल्टी काही नाही. जो इशारा होता, त्याची करमणूक झाली. आमच्या वाड्यात 'व्यापार' खेळताना भाडं देऊ न शकणाऱ्या धाकट्या भावाला आम्ही टाळ्या वाजवून बाहेर काढायचो. तो खेळ कशासाठी जन्माला आला होता, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

प्लेटेस्टिंगचंही असंच होतं, हे मला उशिरा कळलं. टेस्टला कोण येतं? जे पुढे विकत घेतील असे लोक. ते जे नाकारतात ते निघून जातं, त्यांना आवडतं ते राहतं. गेम ज्यांच्याबद्दल आहे त्यांना कुणी बोलावतच नाही. म्हणून दिवाळीला मी बोर्ड घेऊन मामांकडे गेलो.

फराळाची ताटं बाजूला सारून आम्ही ओसरीवर बसलो. मामा, मामी, मामेभाऊ आणि मी. मामेभाऊ चाकणला एका कारखान्यात असतो, दिवाळीपुरता आलेला. मी मोबाइल वाटीला टेकवून रेकॉर्डिंग चालू केलं, कारण प्रत्येक प्लेटेस्टचं मी करतो. मामांनी चिठ्ठी काढली. टेल निघाली. मामी म्हणाल्या, 'इथं बी तेच!' आणि सगळे हसले.

दुसऱ्या आवर्तनाला मी मामांच्या हातात बोअरचे तीन ठोकळे दिले.

'हे कशाचे?'

'बोअरचे. टेलवाल्याला बोअर आहे.'

'फुकट?'

'हो.'

'किती फुटाला पाणी लागलं?'

मला उत्तर देता येईना. मामांनी आजवर तीन बोअर घेतल्या आहेत. पहिल्या दोन कोरड्या गेल्या. तिसरी फेब्रुवारीपर्यंत जेमतेम अर्धा तास चालते. तिन्हींचं कर्ज मात्र बारमाही आहे. ते हसत हसत म्हणाले, 'भाच्या, तुझ्या गेममधल्या गावात मला जमीन बघ.' मग ठोकळ्यांशी चाळा करत आणखी बोलत राहिले. वरचा रात्री दार कसं उचलतो आणि सकाळी चहाला आला की आपल्यालाच कसं विचारतो, 'आलं का पाणी?' त्यांनी त्याची नक्कल इतकी झकास केली की मामेभावाला ठसका लागला.

दुसऱ्या डावात मामांना हेड मिळालं. पहिल्याच आवर्तनाला चौदा ठोकळे सुटले आणि मामांनी नऊ उचलले. खाली मामी बसल्या होत्या. 'अहो, आम्ही हाये ना खाली!' मामा हातातल्या ठोकळ्यांकडे बघून म्हणाले, 'वर बसलं की हात जातोच.' मला वाटलं होतं, टेलचं दुःख माहीत असलेला माणूस हेडला बसल्यावर जपून घेईल. तसं काही झालं नाही. डाव जिंकून ठोकळे पिशवीत भरताना ते एवढंच म्हणाले, 'तुमच्या गेमचं एक बरंय. डाव संपला की जागा बदलते.'

या वाक्याने माझा अडकलेला प्रश्न सोडवला. पुण्याला आल्यावर मी फुकटची बोअर काढून टाकली. आता एक डाव म्हणजे दोन-दोन आवर्तनांचे चार भाग. प्रत्येक भागानंतर सगळे एक खुर्ची पुढे सरकतात, टेलवाला हेडला येतो. शेवटी चारही भागांची बेरीज. टेलची खुर्ची पहिल्याइतकीच वाईट आहे, फक्त ती प्रत्येकाच्या वाट्याला सारखी येते. बोअर ठेवली आहे, पण ती घ्यायला कर्ज काढावं लागतं आणि पाणी लागेलच असं नाही. मोबाइल आता फार कुणी उचलत नाही, कारण टेलला बसलेल्याला माहीत असतं की आपण इथे थोडाच वेळ आहोत.

इथवर मी स्वतःवर खूश होतो. मग मार्केटिंग सुरू झालं.

पाचशे प्रतींच्या खाली छपाई परवडत नव्हती. खर्च निघायला निदान तीनशे प्रती जायला हव्या होत्या. किंमत अकराशे नव्व्याण्णव. तीन आठवड्यांत प्री-ऑर्डर आल्या एकेचाळीस, त्यातल्या निम्म्या माझ्याच ऑफिसातल्या. जाहिरातीच्या क्षेत्रात काम करणारी एक मैत्रीण म्हणाली, 'तुझ्या पोस्ट म्हणजे रूलबुक आहेत. लोकांना माणूस दाखव.' माझ्याकडे माणूस होता. दिवाळीच्या रेकॉर्डिंगमधून मी सत्तावीस सेकंदांची रील कापली. 'फुकट? किती फुटाला पाणी लागलं?', मग ती नक्कल, मग मामेभावाचा ठसका आणि शेवटी बॉक्सचा फोटो. पाच दिवसांत ऑर्डर दोनशे चारवर गेल्या. कमेंट्समध्ये लोक मामांच्या प्रेमात पडले होते. मी प्रत्येकाला हार्ट देत होतो.

तेव्हा मार्च होता. मामांचं पीक काढायला आलं होतं. त्यांच्या शेतात ट्रॅक्टर न्यायची वाट वरच्या शेजाऱ्याच्या बांधावरून जाते. रीलमध्ये मामांनी कुणाचंच नाव घेतलं नव्हतं, पण गावात नाव घ्यायची गरज नसते. ज्याची नक्कल केली होती त्याने स्वतःला ओळखलं आणि वाटेवर काटे टाकले. अकरा दिवस. मामांनी माणसं लावून माल डोक्यावरून रस्त्यापर्यंत काढला. मला त्यांनी काहीच कळवलं नाही. मामींनी आईला सांगितलं आणि आईने मला. तोवर रील सतरा हजार लोकांनी बघितली होती.

मी रील काढून टाकली. पण रील काढून टाकली तरी ती गावातल्या चार व्हॉट्सॲप ग्रुपांवर असतेच, हे मला, सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्याला, कुणी सांगायची गरज नव्हती. आमच्या ऑफिसात दरवर्षी डेटा प्रायव्हसीचं ट्रेनिंग असतं. २०२३ साली देशात वैयक्तिक डेटाबद्दल कायदा झाल्यापासून ते जास्तच कडक झालंय. त्यातला पहिला धडा असा की ज्या कारणासाठी माहिती घेतली, त्याच कारणासाठी वापरायची. परीक्षेत मला शंभरपैकी शंभर होते. मामांना माहीत होतं की मी शूटिंग करतोय. कशासाठी, ते मी सांगितलं नव्हतं, कारण तेव्हा मलाही माहीत नव्हतं. आणि जेव्हा माहीत झालं, तेव्हा फोन करायला एक मिनिट लागलं असतं. मी तो केला नाही. ते 'नको' म्हणतील अशी भीती होती का? खरं सांगायचं तर तेवढाही विचार केला नव्हता. ठोकळे समोर होते. हात गेला.

तेव्हापासून मी खेळ आणि जाहिरात यांतल्या फरकावर विचार करतोय. खेळात आपण एकमेकांना लुबाडतो, फसवतो, कंगाल करतो, आणि त्यात काही वाईट वाटत नाही. का? मला दोन कारणं दिसतात. एक, जो बसलाय तो स्वतःहून बसलाय. दोन, हरलेलं सगळं बोर्डावरच राहतं. डाव संपला की ठोकळे पिशवीत जातात आणि माणूस जसा आला तसा उठून घरी जातो. या दोन गोष्टी आहेत तोवर हेडवाल्याने नऊच्या जागी चौदा ठोकळे उचलले तरी बिघडत नाही. माझी रील दोन्ही बाबतींत चुकली. मामा त्या डावाला बसलेच नव्हते, आणि हरले ते बोर्डाबाहेर, खऱ्या शेतात. मी टेलची खुर्ची न्याय्य व्हावी म्हणून चार महिने घालवले आणि मग खऱ्या टेलच्या माणसाला माझ्या डावात ठोकळा म्हणून वापरलं.

कुणी म्हणेल, मग कुणावरच काही लिहू नये, बनवू नये? मला तसं वाटत नाही. गेमचे नियम एका जागेबद्दल बोलतात. टेलला बसलं की काय होतं, एवढंच ते सांगतात आणि ते खरं सांगावं, इतकीच माझ्यावर जबाबदारी. त्यासाठी राज्यातल्या प्रत्येक टेलवाल्याची परवानगी घ्यायला नको. पण जाहिरातीत मी एका माणसाचा चेहरा आणि आवाज वापरतो, तेव्हा प्रश्न त्या जागेचा राहत नाही, त्या माणसाचा होतो. त्याला विचारावंच लागतं. आणि नुसतं 'टाकू का?' एवढं विचारून भागत नाही. कोण बघेल, गावात कुठवर जाईल, हे मला त्याच्यापेक्षा जास्त कळत असेल तर तेही सांगायला हवं. नाहीतर हेडवाल्यानेही सकाळी चहाला येऊन विचारलेलंच असतं, 'आलं का पाणी?'

मी शनिवारी गावी गेलो. माफी मागितली आणि पाकीट पुढे केलं. मामांनी पाकीट उघडून मजुरीचे सहा हजार चारशे मोजून घेतले आणि बाकीचे परत दिले. 'गेम विकला ना तुझा? मग झालं.' थोड्या वेळाने म्हणाले, 'फुडच्या टायमाला आधी इचार.' वाट पुढे गावातल्या दोन वडीलधाऱ्यांनी बसून मोकळी केली. शेजारी आणि मामा आता बोलतात, पण तो चहाला येत नाही.

एक हिशेब अजून जुळलेला नाही. रीलमुळे आलेल्या त्या ऑर्डरींचं काय करायचं? पैसे परत करायचे तर कारण सांगायला लागेल, आणि कारण सांगितलं की गोष्ट पुन्हा पसरेल. मी त्या ठेवल्या. छपाई झाली, बॉक्स घरोघरी गेले. म्हणजे माझा गेम निघाला त्यात मामांच्या त्या अकरा दिवसांचा वाटा आहे. हे मला सहा हजार चारशेत मिटलं असं म्हणता येत नाही.

रूलबुकच्या शेवटच्या पानावर मी एक ओळ घातली आहे : 'या गेममध्ये जागा बदलतात. कालव्यावर बदलत नाहीत.' मैत्रीण म्हणाली, ही ओळ विक्रीला मारक आहे. म्हणून ती बॉक्सवर नाही, आत आहे. तेवढी तडजोड मी केली.

आणि हा लेख पाठवण्याआधी मी मामांना फोन केला. सगळा वाचून दाखवला. कोण वाचेल, कुठे कुठे फिरेल, तेही सांगितलं. त्यांनी दोन तपशील बदलायला लावले, ते बदललेत. मग विचारलं, 'ह्याचे पैसे मिळत्यात का?' मी म्हटलं, फारसे नाही. ते म्हणाले, 'मग दे छापून.'